डाव्या हाताची चिठ्ठी

आमच्या प्रार्थनागृहात पुरुषांची एक पद्धत आहे. दर शनिवारी संध्याकाळी ते मागच्या खोलीत जमतात, दार लावून घेतात आणि आठवडाभरात नजरेनं किंवा मनानं जे पाप झालं असेल ते कागदावर लिहून बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकतात. नाव घालायचं नाही. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून लिहायचं डाव्या हातानं. आमच्यात एक डावखुरा न्हावी आहे, तो बिचारा उजव्या हातानं लिहितो. मग डबा कपाटात बंद होतो. रविवारी उपासना संपली की पाळकसाहेब मागच्या अंगणात लोखंडी बादलीत सगळ्या चिठ्ठ्या ओततात, प्रार्थना करतात आणि काडी लावतात. माणसानं वाचायचं नाही. प्रभूनं वाचलं की विषय संपला.

बादलीतली राख टाकायचं काम माझं. झाडणं, पुसणं, फुलदाण्यांचं पाणी बदलणं, कपाटाची किल्ली सांभाळणं, हेही माझंच. एवढे मोठे मिशीवाले बाप्ये मान खाली घालून डाव्या हातानं कसे गिरगटत असतील, या विचारानं मला कितीदा हसू आलंय. त्या रविवारनंतर आलं नाही.

त्या रविवारी पाळकसाहेबांना कुठेतरी जेवायला जायचं होतं. घाईत काडी लावली आणि निघाले. मी बादली उपडी केली तर तळाशी एक पिवळा कागद अर्धाच जळालेला. तो पिवळा रंग मी झोपेतसुद्धा ओळखला असता. आमच्या दुकानाची कामाची चिठ्ठी होती ती. आमचं सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करायचं दुकान आहे, खाली कामाची जागा, वर आम्ही राहतो. येणाऱ्या प्रत्येक खुर्चीला अशी पिवळी चिठ्ठी लागते: वर छापलेलं लांबी, रुंदी, स्पंज, कापड, आणि कोपऱ्यात खिळ्याला अडकवायला भोक. गावात असा कागद दुसऱ्या कुणाकडे नाही.

वाचू नकोस, असं मनाला बजावेपर्यंत वाचून झालं होतं.

'ती माझी नाही. ती आली की मी मान वर करत नाही, तरी ती मला दिसते. तिचा आवाज आला की हातोडी खिळ्यावर बसत नाही. हे मन धुऊन दे, नाहीतर मला इथून...' पुढचं जळालं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंगणात कोणी नाही हे बघून मी तो कागद चुरगाळला, राखेबरोबर खड्ड्यात टाकला आणि वर पायानं माती लोटली. हात धुतले. मग घरी जाऊन यांना जेवायला वाढलं. मीठ जास्त झालंय, असं हे म्हणाले. मी म्हटलं, "होतं कधीकधी."

पिवळ्या चिठ्ठ्या वापरणारे पुरुष दोनच, आमचे हे आणि भावजी. भावजी म्हणजे यांचा धाकटा भाऊ. आईबाप गेले तेव्हा तो बारा वर्षांचा होता, यांनीच त्याला वाढवलं, हातात हातोडी दिली. आता सत्तावीस वर्षांचे झालेत, आमच्यातच राहतात. मी अगदी शांत डोक्यानं विचार केला, निदान तेव्हा मला तसं वाटलं. भावजी बिनलग्नाचे. बिनलग्नाच्या माणसाला एखादी आवडली तर तो घरी सांगेल, आम्ही चौकशी करू, पाळकसाहेब लग्न लावतील. त्यात 'मन धुऊन दे' म्हणून रडण्यासारखं काय आहे? एवढं रडतो तो घरी बायको असलेला माणूस. शिवाय भावजींचा सगळा जीव स्पंजात आणि स्प्रिंगांत. मुली सांगून आल्या की हसून उठून जायचे. म्हणजे उरले कोण?

आणि 'ती' कोण, हेही मला शोधावं लागलं नाही. आमच्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी कापडाचे नमुने घेऊन एक बाई येते. मी तिला नमुनेवाली म्हणते. जाडजूड वही उघडून मखमल दाखवते, रेक्झिन दाखवते, आणि दाखवताना हसते. कापड विकायला एवढं हसावं लागतं का? तिच्या अत्तराचा वास जिन्यातून वर माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येतो आणि ती गेल्यावर तासभर राहतो.

एकदा कुठेतरी पाणी मुरतंय म्हटलं की भिंतभर ओल दिसायला लागते. हे शुक्रवारी स्वच्छ शर्ट घालतात. घालणारच, गुरुवारी मी कपडे धुते. पण हे तेव्हा सुचत नाही. हे गुणगुणायला लागले की मला वाटायचं, कशाबद्दल एवढा आनंद? गप्प बसले की वाटायचं, कुणाची आठवण? अकरा वर्षांच्या संसारात हे मला कधी वाकडा शब्द बोलले नव्हते, आणि आता तेच मला सगळ्यात संशयास्पद वाटायला लागलं.

तेवढ्यात भावजींनी वेगळंच काढलं. त्याच आठवड्यात, दुपारी हे एक सोफा पोचवायला गेले होते तेव्हा, ते वर आले आणि दारातच उभे राहिले.

"वहिनी, मला दुसरीकडे काम मिळालंय. फर्निचरचा मोठा कारखाना आहे, राहायची सोय आहे. पुढच्या सोमवारी निघतो म्हणतोय."

"दादांना सांगितलंत?"

"तुम्ही सांगाल तर बरं होईल. मी सांगितलं तर दादा जाऊ देणार नाही."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. घरात हे असे, आणि मला आधार म्हणावा असा एकच माणूस, तोही निघाला. मला रडूच कोसळलं. भावजी घाबरले. मी त्यांना सगळं सांगितलं. चिठ्ठीचं सांगितलं नाही, ती वाचली म्हणून माझीच पंचाईत झाली असती. एवढंच म्हटलं, की तुमच्या दादांचं मन कुठेतरी दुसरीकडे आहे, मला खात्रीनं कळलंय.

भावजींचा चेहरा पांढराफटक पडला. "कोण म्हणालं? वहिनी, दादा तसा नाही."

"पुरुष पुरुषाची बाजू घेणारच."

"नाही हो. देवाशपथ, दादा तसा नाही."

"मग राहा आणि मला दाखवून द्या. तुम्ही दिवसभर खाली असता. ती बाई आली की काय बोलतात, कसं बघतात, ते बघा. रोज चार वाजता हे माल पोचवायला बाहेर पडतात. तेव्हा वर या आणि मला सांगा."

"मला हे जमणार नाही. मला जाऊ द्या."

त्यावर मी काय केलं ते मला अजून स्वच्छ आठवतं. मी त्यांचा हात धरला. "भावजी, माझा संसार मोडतोय आणि तुम्ही पळून चाललात?"

त्यांनी हात सोडवून घेतला आणि जिन्याचा कठडा धरला. मग म्हणाले, "ठीक आहे." माझा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर रोज चारला भावजी वर यायचे. आत येत नसत. दाराच्या चौकटीशी उभे राहायचे आणि जमिनीकडे बघत सांगायचे. आज नमुनेवाली आली नाही. आज आली, दादानं करडं कापड घेतलं. आज आली, रेक्झिनला भेगा पडतात म्हणून दादा तिच्यावर रागावला. मी खोदून खोदून विचारायची. हसली का? किती वेळा? जाताना हे दारापर्यंत गेले का? भावजी उत्तर द्यायचे, एका शब्दात, आणि निघायची घाई करायचे.

"चहा तरी घ्या."

"नको वहिनी."

"घ्या हो, मी काही खात नाही तुम्हाला."

कधीकधी घ्यायचे. उभ्याउभ्याच, तोंड पोळेल इतक्या घाईनं. मला तर आता त्यांचाही संशय यायला लागला. भावाला पाठीशी घालत असतील. नाहीतर एवढा घाम कशाला यावा?

एका शुक्रवारी मी स्वतःच खाली उतरले. नमुनेवाली वही मांडून बसली होती, हे समोर. भावजी कोपऱ्यात एका खुर्चीच्या पाठीवर वाकलेले. मला बघून बाई म्हणाली, "बरं झालं तुम्ही आलात. तुमच्या मिस्टरांना जरा समजवा. ताई ताई म्हणतात आणि प्रत्येक वेळी भाव पाडून मागतात."

हे म्हणाले, "ताईनं भावाला स्वस्तात द्यायला नको?" आणि दोघं हसले.

ताई म्हणायचं आणि हसायचं! मला तर हा फार जुना डाव वाटला. एवढ्यात कोपऱ्यात भावजी कळवळले. हातोडी बोटावर बसली होती. मी धावले, बोट पाण्याखाली धरलं, फडकं बांधलं. "लक्ष कुठे असतं तुमचं?" मी त्यांना रागावले. मी बोट बांधत असताना ते भिंतीकडे बघत होते. माझं मात्र त्यांच्याकडे लक्ष नव्हतं, माझे डोळे त्या दोघांवर.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी जणू माझ्याच घरावर प्रवचन केलं. म्हणाले, येशूनं व्यभिचाराची हद्द हातापायांवर ठेवली नाही, मनावर ठेवली. परस्त्रीकडे अभिलाषेनं पाहिलं तिथेच पाप घडलं, पुढे काही होवो न होवो. मग आवाज चढवून म्हणाले, "आणि या पापाशी कुस्ती खेळू नका. तुम्ही हराल. योसेफाला मालकाच्या बायकोनं धरलं तेव्हा त्यानं तिथे थांबून वाद घातला नाही, तिची समजूत काढली नाही. अंगावरचा झगा तिच्या हातात सोडला आणि पळाला. प्रभूनं त्याला भित्रा म्हटलं नाही. तुम्हीही पळा."

मी तिरक्या नजरेनं यांच्याकडे बघितलं. हे झोपले होते. तोंड थोडं उघडं, हात पोटावर. मी कोपरानं ढोसलं. पापी माणसाला अशा प्रवचनात झोप लागेल का, असा प्रश्न मला पडायला हवा होता. मला वाटलं, किती निगरगट्ट! यांच्या पलीकडे भावजी बसले होते, डोकं समोरच्या बाकावर टेकवून. त्यांच्या मानेवर घाम होता. मी मनात म्हटलं, बघा, धाकटा भाऊ किती भक्तीनं ऐकतोय, आणि हे घोरतायत.

मग मी ठरवलं. अर्धवट जळालेल्या कागदाची वाट किती दिवस बघायची? किल्ली माझ्याकडेच होती.

पुढच्या शनिवारी पुरुष गेल्यावर मी खोली झाडायला आत गेले आणि आतून कडी लावली. कपाट उघडलं, डबा बाहेर काढला. झाकण घट्ट होतं, चमच्याच्या दांड्यानं उचकटलं. पाप करतेय हे कळत होतं. पण माझ्या संसाराचा प्रश्न आहे, प्रभू समजून घेईल, असं मी स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते सांगू शकतो. पांढरे कागद, वहीचे कागद, एक औषधाच्या वेष्टनाचा तुकडा. त्यांना मी हात लावला नाही, त्या बाबतीत मी प्रामाणिक. पिवळ्या दोन निघाल्या.

पहिली उघडली. अक्षरं कोंबडीनं पाय ओढल्यासारखी. 'प्रभू, या आठवड्यात नजरेचं काही नाही. पण माझी बायको महिनाभर माझ्याकडे चोराकडे बघावं तशी बघते. माझं काय चुकलं ते तिला विचारायचं धाडस होत नाही. ते दे.'

मी ती दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं दिसेनात. लांबी, रुंदी, स्पंज, कापड, एवढंच छापलेलं दिसत होतं. डावा हात असो की उजवा, असं लिहिणारा माणूस माझ्या घरात एकच आहे.

मग ती दुसरी उघडायचं काही कारणच उरलं नव्हतं. माझं काम झालं होतं, माझा नवरा माझा होता. झाकण लावायचं, घरी जायचं आणि त्यांना चांगलं जेवायला घालायचं, एवढंच करायचं होतं. पण हात थांबला नाही.

'मी निघालो होतो. तिनेच हात धरून थांबवलं. तिला काही माहीत नाही. आता रोज चार वाजता तिच्यासमोर उभं राहायला लागतं. गेल्या आठवड्यात तिनं बोट बांधलं. पळा म्हणतात, पण मला पळू कोण देणार?'

मी खाली बसले. फरशी गार होती. बाहेर कोणीतरी दार वाजवलं, पाळकबाई असाव्यात. "झालं का गं?" म्हणाल्या. "होतंय," मी म्हटलं.

आधी भीती वाटली. मग भावजींची फार कणव आली. तो मुलगा आग लागलेल्या घरातून बाहेर पडत होता आणि मी त्याला दारातून परत आत ओढला. रोज ओढला, घड्याळ लावून. आणि खोटं कशाला बोलू, या दोन्हींच्या मध्ये एक क्षण असा आला की मला बरं वाटलं. अकरा वर्षांत कोणी माझ्याबद्दल असं लिहिलं नव्हतं. तो क्षण मी नको तेवढा धरून ठेवला.

तेव्हा मला आठवलं की गेला महिनाभर मी पावणेचारला तोंड धुऊन केस विंचरत होते. घरातला मळका झगा बदलून इस्त्रीचा घालत होते. कुणासाठी? हे तर साडेसहाला परत यायचे. नवऱ्याची बातमी ऐकायला केस विंचरावे लागतात? मी त्या नमुनेवालीच्या हसण्याचा हिशेब ठेवत होते, आणि 'मी काही खात नाही तुम्हाला' म्हणताना स्वतः कशी हसत होते, त्याचा हिशेब कोणी ठेवायचा? आमच्यात बायकांसाठी डबा नाही. बायकांना याची गरज पडत नसावी, असं आमच्या पुरुषांनी धरून चाललंय. मीही तसंच धरून चालले होते.

दोन्ही चिठ्ठ्या होत्या तशा घडी करून मी डब्यात टाकल्या. रविवारी पाळकसाहेबांनी काडी लावली तेव्हा मी केरसुणी घेऊन जवळच उभी राहिले आणि पिवळं काही शिल्लक राहत नाही तोवर काठीनं ढवळत राहिले. "आज फार मन लावून," पाळकसाहेब म्हणाले.

सोमवारी चारला भावजी आले. चौकटीशी उभे राहिले. "आज ती आली नाही," म्हणाले.

मी ओट्याकडे तोंड करून उभी होते. वळले नाही. "भावजी, ते कारखान्याचं काम अजून आहे का?"

"आहे."

"मग उद्या सकाळच्या गाडीनं जा. दादांना मी सांगेन."

"पण दादाचं, ते तुम्ही म्हणत होता..."

"तुमचे दादा तसे नाहीत. माझंच चुकलं. तुम्हाला थांबवलं तेही चुकलं."

त्यांना कळलं. मागे वळून न बघताही मला कळलं की त्यांना कळलंय. त्यांचा श्वास ऐकू येत होता. "वहिनी," एवढंच म्हणाले, आणि पुढे काही म्हणायच्या आत जिना उतरून गेले. रात्रीचं जेवण त्यांनी खालीच घेतलं. मंगळवारी आम्ही उठलो तेव्हा त्यांची खाट रिकामी होती. पांघरूण नीट घडी घालून ठेवलं होतं, कपडे सगळे नेले नव्हते.

नमुनेवाली आली तिला यांनी परत पाठवलं. दुपारी जेवायला वर आले, ताटावर बसले, पण घास घेईनात.

"तो न सांगता गेला," हे म्हणाले. "मला. बारा वर्षांचा होता तेव्हा माझ्या अंथरुणात झोपायचा तो, आणि मला न सांगता गेला."

"मला सांगून गेले."

"तेच विचारतोय. तू त्याला काही बोललीस का?"

यांना सांगायचं तर चिठ्ठी सांगावी लागणार. चिठ्ठी सांगितली की भावाचं तोंड हे पुन्हा बघणार नाहीत, किंवा बघतील आणि दोघांनाही ते जड जाईल. आणि ते लिहिणं माझ्यासाठी नव्हतंच, ते प्रभूसाठी होतं. मी चोरलं होतं.

"महिनाभर बघतोय मी," हे म्हणाले. धाडस मागितलं होतं, ते मिळालं होतं वाटतं. "तुझं काहीतरी बिनसलंय. मला वाटलं, माझ्यावर राग आहे. मी वाट बघितली. आता कळतंय. तुला तो घरात नको होता. हो ना?"

यांच्या पायावर डोकं ठेवून सगळं सांगावं, असं अगदी ओठापर्यंत आलं. मग डोळ्यांपुढे तो मुलगा आला, कारखान्याच्या कुठल्या तरी खोलीत, नव्या माणसांत.

"हो," मी म्हटलं. "मला ते घरात नको होते."

हे माझ्याकडे बघत राहिले. ती नजर मी चांगलीच ओळखत होते. महिनाभर मी त्यांच्याकडे तशीच बघत आले होते. ज्या माणसाला कधी कुणाचा संशय घेता आला नाही, त्याला मी तो शिकवला, आणि पहिला संशय माझ्यावर.

"त्यानं तुझं काय वाईट केलं होतं?"

"काही नाही," मी म्हटलं. "ते फार चांगले आहेत."

एवढं एकच वाक्य मी त्या दिवशी पूर्ण खरं बोलले. यांचा त्यावर विश्वास बसला नाही. ताट तसंच ठेवून ते खाली गेले, आणि थोड्या वेळानं हातोडीचा आवाज सुरू झाला.